पाटा वाढवला म्हणजे गाडीची ताकद वाढली?

नवी पिकअप घेतली की पहिली फेरी गॅरेजला. "मागं दोन पाटे वाढव, दोन टन आरामात ओढेल." पाटे म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगच्या पोलादी पट्ट्या. हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय, आणि तो चूक आहे.

जादा पाट्यांनी गाडी मागून खाली बसत नाही, एवढंच. एक्सल, हब बेअरिंग, चासी, टायर आणि ब्रेक मात्र तेच राहतात. नारायणगावहून टोमॅटोचे क्रेट भरून माळशेज उतरताना खरी परीक्षा ब्रेकची असते. वजन दीडपट तर ब्रेकला जिरवायची उष्णताही दीडपट. ब्रेकचे लायनर तापून पेडल दाबूनही गाडी आवरत नाही. पाटे बिचारे काय करणार?

किती माल चालेल याचा खरा आकडा आरसीवर (गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रावर) असतो: मालासकट मंजूर एकूण वजनातून रिकाम्या गाडीचं वजन वजा करा. समजा २,९९० मधून १,७०० गेले, उरले १,२९० किलो. त्यातच ड्रायव्हर, क्लीनर आणि हौसेनं बसवलेला लोखंडी पिंजरा. (शंभर किलोचा पिंजरा म्हणजे वीस किलोचे पाच क्रेट गेले!)

जादा माल सापडला तर मोटार वाहन कायद्याच्या २०१९च्या दुरुस्तीनंतर दंड २०,००० रुपये, वर प्रत्येक जादा टनाला २,०००. माल जास्त असेल तर मोठ्या क्षमतेचं मॉडेलच घ्या.