हरणाच्या शिकारीची गोळी

हरणाच्या शिकारीची गोळी : चितळ, सांबर, भेकर यांसारखे जनावर एकाच बारात आणि लवकर मरावे यासाठी निवडलेली रायफलची गोळी. भारतात हरिण मारणे हा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार गुन्हा आहे. या कायद्यात आधी काही जातींच्या शिकारीचे परवाने मिळत. १९९१ च्या दुरुस्तीने तेही बंद झाले. त्यामुळे ताडोबा, पेंच, मेळघाटाच्या आसपास चितळाच्या गोळीची गोष्ट निघते ती जुन्या शिकारीच्या आठवणींतच. मात्र तूर, हरभरा, सोयाबीन तुडवणाऱ्या रोही आणि रानडुकरांसाठी वनखात्याची परवानगी मिळू शकते, आणि तिथे कोणती गोळी घ्यावी हा प्रश्न आजही उभा राहतो. रोही, म्हणजे नीलगाय, हरणांत मोडत नाही. ती गाई-म्हशींच्या कुळातली. गोळीचे गणित मात्र तेच.

बंदुकीची चर्चा बहुधा बोअरपाशीच, म्हणजे नळीच्या आतल्या व्यासापाशीच, अडकते. जनावर जागीच पडेल की जखमी होऊन पळेल, हे बोअरइतकेच गोळीच्या घडणीवर ठरते. गोळीचा गाभा शिशाचा आणि त्यावर तांब्याच्या मिश्रधातूचे कवच असते. कवच टोकापर्यंत बंद असेल, तर गोळी बारीक भोक पाडून आरपार जाते. जनावर दूरवर पळते, रक्ताचा मागही धड सापडत नाही, आणि ते कुठल्यातरी नाल्यात तासन्‌तास तडफडते. शिकारीच्या गोळीचे टोक म्हणून उघड्या शिशाचे किंवा पोकळ ठेवतात. मांसात शिरताच ते फुलते, व्यास दीडपट ते दुप्पट होतो आणि फुफ्फुसे-हृदय एका फटक्यात निकामी होतात. १८९० च्या दशकात कोलकात्याजवळच्या डमडम कारखान्यात अशीच गोळी लष्करासाठी बनली. १८९९ च्या हेग जाहीरनाम्याने फुलणाऱ्या गोळ्यांना युद्धात मनाई केली. शिकारीत मात्र त्याच वापराव्यात, असा अनेक देशांचा नियम आहे.

फुलणे अति झाले तरी घात होतो. हलकी, वेगवान गोळी जवळून खांद्याच्या हाडावर बसली, की तिचे तुकडे वरच्यावरच विखुरतात. चितळाचा नर ७० ते ९० किलोंचा. एवढ्या अंगाच्या हरणासाठी परदेशी शिकारी ६.५ ते १० ग्रॅमची, म्हणजे १०० ते १५० ग्रेनची गोळी घेतात. सांबर किंवा रोहीचा नर २०० किलोंच्या पुढे जातो, तिथे याहून जड गोळी लागते. जुन्या रानडुकराच्या खांद्यावर चिवट कातडीची ढाल असते, त्यामुळे त्याच्यासाठी गाभा आणि कवच एकमेकांना घट्ट धरून राहणारी गोळी बरी.

विदर्भात परवान्याची रायफल म्हटली की बहुधा ३१५ बोअरच निघते. याला इंग्रजी अमदानी कारणीभूत आहे. फौजेच्या ३०३ ची काडतुसे बंडखोरांच्या हाती पडू नयेत म्हणून लष्करी बोअर लोकांना बंद ठेवला गेला. तेव्हा ऑस्ट्रियाच्या मानलिखर रायफलच्या जुन्या ८ मिलिमीटर काडतुसावरून हा बोअर नागरिकांसाठी चालू झाला. त्याची गोळी सुमारे १५.८ ग्रॅमची, बोथट टोकाची आणि संथ. लांबच्या माऱ्यात ती लवकर खाली उतरते. माळ्यावरून (मचाणावरून) शंभर मीटरच्या आत मात्र रोहीला पुरून उरते. जड गोळी झुडपातून सरळ जाते असे जुने लोक सांगतात, पण चाचण्यांत तसे दिसलेले नाही. फांदीला लागली की कुठलीही गोळी वळते. बाराबोअरचे, म्हणजे छर्ऱ्याच्या बंदुकीचे, छर्रे जवळच्या अंतरापुरते ठीक. लांबून ते जनावराला फक्त घायाळ करतात, म्हणून रोहीवर छर्रे झाडू नयेत.

कपाशीच्या सपाट काळ्या मुलखात आणखी एक गोष्ट गोळीच्या निवडीइतकीच मोलाची आहे. रायफलची गोळी तीन किलोमीटरहून लांब जाऊ शकते आणि पलीकडच्या वावरात कोणीतरी जागलीला बसलेले असते. धुऱ्याच्या (शेताच्या बांधाच्या) उंचीवरून आडवा बार टाकणे म्हणूनच धोक्याचे. माळ्यावरून खाली नेम धरला, तर चुकलेली किंवा आरपार गेलेली गोळी मातीत रुतते. फुलणारी गोळी इथेही बंद टोकाच्या गोळीपेक्षा बरी, कारण तिचा बराच जोर जनावराच्या अंगातच संपतो.

शिशाचे बारीक कण जखमेपासून वीतभर लांबही मांसात पसरतात, आणि असे कलेवर खाणाऱ्या गिधाडांना विषबाधा होते. कॅलिफोर्नियात २०१९ पासून शिकारीसाठी शिशाच्या गोळ्यांना पूर्ण बंदी आहे. तिथे निव्वळ तांब्याच्या गोळ्या चालतात. तांबे शिशापेक्षा हलके, म्हणून तेवढ्याच वजनाची गोळी लांब होते, आणि वेग घटला तर ती नीट फुलत नाही. ३१५ च्या संथ काडतुसात ही अडचण येते. आपल्याकडे परवानगीने मारलेले जनावर कायद्याने सरकारची मालमत्ता ठरते, त्यामुळे मांस घरी नेता येत नाही. पण कलेवर रानात उघडे टाकले, तर त्यातले शिसे गिधाडे आणि कोल्ह्यांच्या पोटात जाते. ते खोल पुरणे किंवा जाळणे हाच उपाय.