आवश्यकता प्रमाणपत्र म्हणजे मेडिकल कॉलेजची परवानगी नव्हे

‘राज्य सरकारने हिरवा कंदील दाखवला, म्हणजे कॉलेज मंजूर’ हा समज प्रवेशाच्या काळात पालकांमध्ये हमखास ऐकू येतो आणि तो चुकीचा आहे. राज्य देते ते आवश्यकता प्रमाणपत्र. त्या भागात कॉलेजची गरज आहे, एवढेच ते सांगते. मात्र कॉलेज निकषांत न बसल्याने नवे प्रवेश थांबले, तर आधीच्या विद्यार्थ्यांची जबाबदारी राज्य घेईल, अशी हमी जुन्या नियमांतील त्याच्या नमुन्यातच होती, आणि ती मला सर्वांत मोलाची वाटते. कॉलेजला परवानगी देण्याचा अधिकार 1956 च्या भारतीय वैद्यकीय परिषद कायद्यातील कलम 10 अ नुसार केंद्राकडे होता. 2019 च्या कायद्याने तो राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या मूल्यांकन मंडळाकडे गेला.

याचा अर्थ प्रमाणपत्र कवडीमोल आहे असाही नाही. पंजाबने पठाणकोटजवळच्या चिंतपूर्णी मेडिकल कॉलेजचे प्रमाणपत्र मागे घेतले, तेव्हा कॉलेज उभे राहिल्यानंतर राज्याला तसे करता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये स्पष्ट केले; अपवाद ठेवला तो फसवणुकीचा किंवा प्रमाणपत्राचा मूळ आधारच नाहीसा झाल्याचा. तरीही ते परवानगी नव्हे, म्हणून प्रवेश घेण्यापूर्वी पालकांनी त्या वर्षीचे मंडळाचे परवानगीपत्रच पाहावे.