गड, पठार आणि सरपण

कास, ठोसेघर, महाबळेश्वरच्या रस्त्यांना आता जागोजागी ‘चुलीवरचं जेवण’ अशा पाट्या दिसतात. हॉटेलच्या मागच्या बाजूला जरा डोकावलं की सालीसकट फोडलेल्या बाभळीची नाहीतर सुबाभळीची थप्पी असते. उज्ज्वला योजना २०१६ मध्ये आली, गावोगाव सिलिंडर पोचले, तरी लाकडाचं गिऱ्हाईक संपलं नाही. घरातली चूल बाजूला पडली आणि पर्यटकाची पेटली. साताऱ्यात वारसा-पर्यटन आणि जळणासाठी झाडं लावणं हे विषय वेगळे काढता येत नाहीत ते यामुळेच. दोघांचं घोडंही एकाच जागी अडलेलं आहे. गड पाहणं आणि डोंगरातून मोळी आणणं, या दोन्ही गोष्टी आपण कायम फुकटच्या धरल्या.

जुने कारभारी तसं धरत नव्हते. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात (साधारण १७१५) गडाची झाडी मेहनतीनं वाढवावी, तिच्यातली काठीही तोडू देऊ नये, अशी ताकीद आहे. आंबा-फणस रयतेनं लेकरांसारखे वाढवलेले असतात, त्यांना हात लावू नये, हेही त्यातच येतं. यात निसर्गप्रेम शोधायची घाई करू नये. झाडी हा गडाचा बंदोबस्त होता, आणि रयत दुखावली तर राज्य चालत नाही, एवढा रोकडा हिशेब त्यामागे होता.

पुढे गडांचं लष्करी काम संपलं. १८२८ च्या सुमारास गव्हर्नर माल्कमनं महाबळेश्वर वसवलं, १८४८ मध्ये साताऱ्याचं राज्य खालसा झालं आणि १८७८ च्या वन कायद्यानंतर डोंगरच्या डोंगर राखीव होत गेले. सरपण हा गावाचा हक्क होता, त्याची सरकारी सवलत झाली. थंड हवेच्या ठिकाणी साहेबाच्या अंघोळीचं पाणी मात्र याच जंगलावर तापत होतं.

जळणासाठी मुद्दाम झाडं लावा, हा विचार राष्ट्रीय कृषी आयोगानं १९७६ मध्ये जोरात मांडला. महाराष्ट्रात १९८२ ला सामाजिक वनीकरण विभाग निघाला. बांधावर, गायरानात, पडीक माळावर सुबाभूळ आणि नीलगिरी आली. सुबाभूळ कामाची खरी, तीन-चार वर्षांत तोडता येते आणि खोडाला पुन्हा फुटवा येतो. पण १९८८ च्या सुमारास तिच्यावर बारीक किडीनं हल्ला केला आणि उत्साह ओसरला. नीलगिरीचं दुखणं वेगळं होतं. बल्ली म्हणजे बांधकामाचा वासा म्हणून किंवा कागदाच्या लगद्याला ती जास्त भाव खायची, मग शेतकरी जळणाला कशाला विकेल? जंगलातली मोळी फुकट असताना लावलेल्या झाडाचा खर्च जळणाच्या भावातून निघणं अवघडच होतं.

याच जिल्ह्यात, फलटणला, बी. व्ही. निंबकरांनी १९६८ मध्ये उभारलेल्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं या प्रश्नाला दुसऱ्या टोकानं हात घातला. लाकूड थेट जाळण्याऐवजी त्याचा, आणि उसाच्या पाचटाचाही, गॅस करून तो वापरायचा. संस्थेच्या अनिल राजवंशींनी तालुका ऊर्जेत स्वयंपूर्ण करण्याची कल्पना मांडली ती इथूनच. तिला मिळालं त्यापेक्षा जास्त लक्ष मिळायला हवं होतं.

कारण साध्या चुलीत फार उष्णता वाया जाते. जेमतेम १० ते १२ टक्के भांड्याला लागते. १४.२ किलोच्या एका सिलिंडरचं काम चुलीवर करायचं तर दोन-अडीचशे किलो वाळलं लाकूड लागतं. वखारीत लाकूड वजनावर जातं, त्यामुळे ओलं विकण्यात विकणाऱ्याचा फायदा आणि धूर स्वयंपाकिणीच्या वाट्याला.

पाहण्याला किंमत लागायला आणखी वेळ गेला. २०१२ मध्ये पश्चिम घाटाबरोबर कास आणि कोयना जागतिक वारसा यादीत गेले. कासवर फुलांच्या हंगामात शुल्क सुरू झालं, गर्दीवर मर्यादा आली आणि आसपासच्या गावांतल्या पोरांना पठारावर राखणीची, गाईडची, पार्किंगची कामं मिळाली. फुलं टिकली तर पगार टिकेल, हे गणित इथं तरी गावाच्या हातात आलं. २०२५ मध्ये त्याच यादीत ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ म्हणून गेलेल्या १२ किल्ल्यांत प्रतापगडाचं नाव लागलं. जिल्ह्यातला तो एकच. अजिंक्यतारा, सज्जनगड बाहेर राहिले, म्हणजे नवा पैसाही बहुधा आधीच गजबजलेल्या महाबळेश्वर तालुक्यातच फिरणार.

जळणासाठी लावायच्या झाडांत आता बांबूची हवा आहे. २०१७ च्या दुरुस्तीनं जंगलाबाहेरचा बांबू कायद्यानं ‘झाड’ राहिला नाही, त्यामुळे तोडीची कटकट गेली. २०२१ च्या केंद्राच्या धोरणानं औष्णिक वीज केंद्रांना कोळशात ५ टक्के जैवइंधन (वनस्पतींपासून केलेलं घन इंधन) मिसळायला सांगितलं. कोयनेच्या खोऱ्यात पाऊस भरपूर, बांबू येईलही. पण साताऱ्यात औष्णिक केंद्र नाही. साखर कारखान्यांच्या बॉयलरला हंगामात स्वतःचंच बगॅस, म्हणजे उसाचा चोथा, असतं. रत्नागिरी जिल्ह्यातल्या जयगडसारखी वीज केंद्रं घाट उतरून, आणि पोकळ बांबूनं ट्रक वजनाआधी आकारानंच भरतो. भाडं कोण सोसणार हे ठरल्याशिवाय पाटण-जावळीतल्या शेतकऱ्यानं नाचणीचं रान बांबूला द्यावं, असं त्याला सांगण्यात अर्थ नाही.