कोंग्सबर्गची चांदी फुलीवरच का?

नॉर्वेतल्या कोंग्सबर्गच्या खाणीत कॅल्साइटची एखादी शीर धरून पुढे पुढे खणत गेलं, तर बराच काळ हाती काहीच लागत नसे. पांढरं ठिसूळ कॅल्साइट, मधूनच जांभळट फ्लुओराइट, दोन्ही अंगांना राखाडी टणक खडक. आणि मग काही मीटरांच्या टप्प्यात त्याच शिरेत चांदी दिसू लागे. नुसते खनिजाचे दाणे नव्हेत, तर चक्क धातू: पिळलेल्या तारा, पत्रे, मुठीएवढे गोळे. आणखी थोडं पुढे गेलं की पुन्हा कोरडं कॅल्साइट. शीर तीच, खनिजंही बरीचशी तीच. बदललेला असे तो शेजारचा खडक.

ही गोष्ट तिथल्या खाणकामगारांच्या लवकरच ध्यानात आली होती. त्या डोंगरात खडकांचे काही पट्टे उत्तर-दक्षिण जातात. उघड्यावर ते गंजल्यासारखे तपकिरी दिसतात, कारण त्यांच्यात पायराइट आणि पिरोटाइट ही लोह-गंधकाची खनिजं विखुरलेली आहेत. हवा-पाणी लागलं की ती गंजतात. जर्मन खाणकामगार या पट्ट्यांना ‘फालबांड’ म्हणत. कॅल्साइटच्या शिरा मात्र बहुतेक पूर्व-पश्चिम. या दोघांची जिथे फुली होते तिथेच चांदी, एरवी नाही. म्हणजे खाण चालवणाऱ्याला दोन गोष्टी शोधायच्या: गंजका पट्टा आणि त्याला छेदणारी शीर. पट्ट्यातून खणण्याजोगी चांदी मिळत नसे आणि पट्ट्याबाहेरच्या शिरेतही नसे.

आता यातली भूमिती बघा. पट्टे जवळजवळ उभे, शिराही जवळजवळ उभ्या. दोन उभे पृष्ठभाग एकमेकांना छेदतात तेव्हा छेद होतो तो एका उभ्या रेषेत. त्यामुळे कोंग्सबर्गची खाण आडवी पसरत गेली नाही, विहिरीसारखी सरळ खाली उतरत गेली. राजाची खाण म्हणून ओळखली जाणारी सर्वांत मोठी खाण हजार मीटरहून जास्त खोल गेली. त्या खोलीवर उतरायला-चढायला शिड्या, नंतर वर-खाली हलणाऱ्या लाकडी पायऱ्यांचं यंत्र, पाणी उपसायला पाणचक्क्या, आणि पाणचक्क्यांना पाणी पुरवायला डोंगरावर बांधलेली धरणं आणि कालवे. चांदी रुंद पसरलेली असती, तर यातला बराचसा खटाटोप वाचला असता.

शोधाची कथा 1623 सालची. याकोब आणि हेल्गा ही दोन मुलं गुरं राखत असताना बैलाने शिंग घासलं, आणि खडकावरचं शेवाळ निघून खाली चकाकी दिसली, असं सांगतात. कथेचा पहिला भाग कितपत खरा कोण जाणे. पण पुढच्याच वर्षी, 1624 मध्ये, डेन्मार्क-नॉर्वेचा राजा चौथा ख्रिश्चन स्वतः तिथे आला आणि त्याने गाव वसवलं, हा इतिहास आहे. नॉर्वेत खोल खाणींचं कसब नव्हतं, म्हणून जर्मनीतल्या हार्झ आणि सॅक्सनीतून माणसं आणली गेली. 1757 मध्ये तिथे खाणविद्येचं शिक्षण देणारी संस्था निघाली. ती जगातल्या अशा पहिल्या काही संस्थांपैकी एक. 1770 च्या सुमारास खाणींत चार हजारांच्या आसपास लोक काम करत होते.

पण मूळ प्रश्न राहिलाच: फुलीवरच का?

साध्या खडकात चांदी असते ती नावालाच. पृथ्वीच्या कवचाची सरासरी काढली, तर एका टनात एक दशांश ग्रॅमसुद्धा भरत नाही. ही विखुरलेली चांदी गोळा करायचं काम गरम, खारट पाणी करतं. मीठ भरपूर असलेल्या पाण्यात चांदीचे आयन क्लोराइडशी बांधले जातात आणि विरघळलेल्या रूपात कित्येक किलोमीटर प्रवास करू शकतात. कोंग्सबर्गच्या शिरा ज्या खडकांत आहेत ते शंभर कोटींहून जास्त वर्षं जुने. त्यांना तडे पडून त्यात हे पाणी फिरलं ते फार नंतर, सुमारे 30 ते 25 कोटी वर्षांपूर्वी. तेव्हा शेजारच्या ओस्लो भागात भूकवच ताणलं जात होतं आणि खालून लाव्हा वर येत होता. उष्णता होती, तडे होते, पाणी होतं.

मात्र पाण्याने चांदी वाहून आणली, एवढ्याने खाण तयार होत नाही. चांदी पाण्याला सोडून कुठे तरी खाली बसायला हवी, आणि तीही थोडक्या जागेत. लोक नेहमी विचारतात, ‘चांदी आली कुठून?’ माझ्या मते कोंग्सबर्गपुरता तरी तो दुय्यम प्रश्न आहे. ती अडली कुठे, हे महत्त्वाचं. साध्या नाइस खडकातून, म्हणजे त्या राखाडी टणक खडकातून, जाताना या पाण्याशी कोणाचं फारसं देणंघेणं नव्हतं. ते थंड होताना कॅल्साइट सोडत पुढे गेलं. पण फालबांडात शिरताच दोन्ही बाजूंना लोह-गंधकाची खनिजं लागली. त्यांनी पाण्याचं रसायन बदललं. क्लोराइडची पकड सुटली, काही चांदी गंधकाशी जोडली जाऊन सिल्व्हर सल्फाइड झाली आणि काही थेट धातू म्हणून बसली. शिरांमध्ये कोळशासारखा कार्बनही सापडतो. चांदीचं धातूत रूपांतर होण्यात त्याचाही हातभार असावा असं मानलं जातं. पट्टा ओलांडून पाणी बाहेर पडेपर्यंत त्यातली चांदी संपलेली असे.

तापमानाचा पुरावाही खनिजातच आहे. सिल्व्हर सल्फाइड सुमारे 175 अंश सेल्सियसच्या वर घनाकृती स्फटिकांत वाढतं. थंड झालं की आतली अणुरचना बदलते, पण बाहेरचा घनाचा आकार तसाच राहतो. अशा जुन्या आकारातले काळे स्फटिक कोंग्सबर्गला मिळाले आहेत, म्हणजे ते तयार होताना पाणी निदान तेवढं गरम होतं.

आणि आता त्या तारा. जगभरच्या खनिज संग्रहालयांत कोंग्सबर्गच्या चांदीच्या तारा मानाच्या जागी ठेवलेल्या असतात. काही करंगळीएवढ्या जाड, शिंगासारख्या वळलेल्या, काही केसाहून बारीक. जवळून पाहिलं तर तारेच्या अंगावर लांबीच्या दिशेने समांतर रेघा दिसतात. सोऱ्यातून शेव पडावी तशी ही तार मुळातून बाहेर ढकलली गेली, याची ती खूण. तार टोकाला वाढत नाही, बुडाशी वाढते. बुडाशी असतं काळं सिल्व्हर सल्फाइड. त्यातला गंधक काढून घेतला गेला, की मोकळे झालेले चांदीचे अणू त्या स्फटिकातून सहज सरकत एका जागी जमतात आणि आधी तयार झालेल्या धातूला बाहेर रेटतात. प्रयोगशाळेत सिल्व्हर सल्फाइड हायड्रोजनमध्ये तापवलं तरी अशाच तारा उगवतात.

आपल्या घरातले पैंजण किंवा चांदीचं ताम्हण काळं पडतं ते याच सिल्व्हर सल्फाइडने. हवेतल्या हायड्रोजन सल्फाइडमधला गंधक चांदीला चिकटतो आणि काळा थर बसतो. कोंग्सबर्गच्या शिरेत नेमकी उलट प्रक्रिया झाली, बंद पोकळीत आणि भरपूर सवडीने.

धातूच्या रूपातली चांदी म्हणजे फायदाच, असं वाटेल. वितळवायला सोपी खरी, पण चोरायलाही तेवढीच सोपी. खिशातून बाहेर नेलेला तुकडा आधीच चांदी असतो, त्याला भट्टीची गरज नाही. त्यामुळे चांदीचोरीचा बंदोबस्त आणि कडक शिक्षा हा तिथल्या कारभाराचा कायमचा भाग होता.

त्याहून मोठी अडचण हिशेबाची. नाइस खडक इतका कठीण, की सुरुंगाची दारू आल्यावरही कित्येक ठिकाणी आग लावूनच तो फोडत. खडकाच्या तोंडाशी लाकडं रचायची, पेटवायची, तापून तडकलेला थर मग हातोड्या-पहारींनी उतरवायचा. अशा बोगद्यांच्या भिंती सुरुंगाने फोडलेल्या भिंतींसारख्या दातेरी नसतात; त्या गुळगुळीत, गोलसर असतात आणि आजही तशाच दिसतात. महिनाभर जळणासाठी जंगल तोडून काही मीटर पुढे सरकायचं आणि समोर कोरडं कॅल्साइट. फुली कुठे आहे हे कळलं, तरी त्या उभ्या रेषेवर चांदी सलग नसे. मध्येच गठ्ठा, मध्येच काही नाही. कित्येक वर्षं खाणी तोट्यात चालल्या. 1805 मध्ये काम बंद करावं लागलं. बेकार झालेल्या गावाला काम मिळावं म्हणून 1814 मध्ये शस्त्रांचा कारखाना निघाला. 1816 मध्ये खाण पुन्हा सुरू झाली, आणि 1830 च्या दशकात राजाच्या खाणीत असे गठ्ठे लागले की सरकारची चांगलीच चंगळ झाली. खालच्या मजल्यांवर माणसं तीच आणि खडकही तोच होता. फुलीवरचा भरलेला भाग लागला, एवढंच.

335 वर्षांत इथून सुमारे 1,300 टन चांदी निघाली. 1958 मध्ये खाणी कायमच्या बंद झाल्या.

चांदी महाग झाली की आता त्या परत का उघडत नाहीत, असं कोणीही विचारेल. त्याचंही उत्तर त्या भूमितीतच आहे. आजच्या खाण कंपनीला आधी छिद्रं पाडून साठ्याचा अंदाज बांधावा लागतो, तेव्हा कुठे पैसा उभा राहतो. राजस्थानातल्या जस्त-शिशाच्या खाणींत हे जमतं, कारण तिथली चांदी टनामागे थोडी थोडी अशी मोठ्या साठ्यात पसरलेली असते आणि शिशाबरोबर बाय-प्रॉडक्ट म्हणून निघते. भारतात निघणारी चांदी मुख्यतः तिथलीच. कोंग्सबर्गला मात्र काही सेंटिमीटर व्यासाचं छिद्र शंभर किलोच्या गठ्ठ्यापासून वीतभर अंतरावरून खाली जाऊ शकतं आणि वर आलेल्या नमुन्यात चांदीचा कणही दिसत नाही. अशा साठ्यावर कर्ज द्यायला कोणती बँक तयार होईल?