कांदा भजी की बटाटा भजी?

पाऊस लागला की कोल्हापुरात रंकाळ्यावर भजीच्या गाड्यापुढं हे हमखास ऐकू येतं: "मला कांदाच द्या, बटाट्यानं शुगर वाढते." बोलणं अर्धं खरं आहे.

100 ग्रॅम कच्च्या बटाट्यात साधारण 77 कॅलरी, कांद्यात 40. बटाट्यात स्टार्च भरपूर, कांद्यात जवळपास नाहीच. इथवर कांदा पुढं. पण आपण खातो ते कढईतनं काढलेलं.

खेकडा भजी कशी होते बघा. उभा चिरलेला कांदा मीठ लावून चुरायचा, सुटलेल्या पाण्यातच बेसन कालवायचं, वरून पाणी घालायचं नाही. तेलात सोडलं की पाकळ्या सुट्या पसरतात आणि फटीफटीत तेल शिरतं. कुरकुरीतपणा येतो तो त्यामुळंच. बटाट्याची काप मात्र बेसनाच्या आवरणात, स्वतःच्याच वाफेवर शिजते. तेल बरंचसं वरच्या कवचात राहतं. त्यामुळं 'कांदा हलका' म्हणून एक प्लेट जादा घेणाऱ्यांनी फार खूश होऊ नये.

बटाट्याची खरी भानगड वेगळीच. 2002 साली स्वीडनच्या शास्त्रज्ञांना तळलेल्या बटाट्यात अ‍ॅक्रिलामाइड सापडलं. बटाट्यातलं अ‍ॅस्पॅराजीन (एक अमिनो आम्ल) आणि साखर 120 अंशांच्या वर एकत्र तापले की हे रसायन तयार होतं. प्राण्यांमध्ये त्यानं कॅन्सर होतो. माणसांबाबत पुरावा अजून पक्का नाही. भजीतली काप आत ओलीच असते, 100 अंशांच्या फारशी वर जात नाही. धोका जास्त तो वेफर्स आणि बटाट्याच्या चिवड्यात, त्यातही तपकिरी झालेल्यात. फ्रीजमध्ये ठेवलेल्या बटाट्यात साखर वाढते, म्हणून तो लवकर काळपटतो. तळणाचा बटाटा बाहेरच ठेवा, आणि काप पाण्यात भिजवून, पुसून तळा.

पोट फुगलं की सगळे बेसनाला बोल लावतात. बेसन सामील असतंच, पण कांद्यातलं फ्रुक्टन, म्हणजे आपल्याला न पचणारं एक कर्बोदक, तेही आतड्यात आंबून गॅस करतं, आणि तळल्यानं ते जात नाही. किडनीच्या रुग्णाचं मात्र उलटं: त्याला पोटॅशियम जपून घ्यावं लागतं, आणि ते बटाट्यात कांद्याच्या जवळपास तिप्पट.

राहिलं तेल. पुन्हापुन्हा तापवलेल्या तेलात पोलर संयुगं, म्हणजे तेल बिघडल्यानं तयार होणारे पदार्थ, 25 टक्क्यांवर गेली की ते वापरू नये, असा आपल्याकडं नियम आहे. गाड्यावर ते मोजणार कोण? तेल काळं, दाट दिसलं, फेस धरत असलं, तर कांदा-बटाट्याचा वाद सोडा आणि शेजारच्या गाड्यावर जा.