ग्रॅन्युलोमा आहे, पण टीबीचा की सार्कॉइडचा?

गाठीच्या बायोप्सी रिपोर्टात 'ग्रॅन्युलोमा' दिसलं की घरच्यांचा पुढचा प्रश्न ठरलेला: म्हणजे टीबीच ना? मुंबईत हा अंदाज बऱ्याचदा बरोबर निघतो, तिथेच पंचाईत होते. ग्रॅन्युलोमा हे आजाराचं नाव नव्हे. शरीराला जे पचवता येत नाही त्याभोवती मॅक्रोफेज पेशींनी धरलेलं ते रिंगण. आत टीबीचा जंतू असेल, बुरशी असेल, आणि सार्कॉइडोसिस (थोडक्यात सार्कॉइड, नेमकं कारण न कळलेला आजार) असेल तर कुठलाच जंतू सापडत नाही.

माझा दिवस मायक्रोस्कोपपुढेच जातो. टीबीच्या ग्रॅन्युलोमात मधल्या पेशी मरून नुसता गुलाबी चुरा उरतो. गाठ कापली तर तो भाग कुस्करलेल्या पनीरसारखा दिसतो, हे केसिएशन. सार्कॉइडचे ग्रॅन्युलोमा घट्ट, रेखीव, कडेला लिम्फोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) मोजकेच, म्हणून त्यांना 'नागडे' म्हणतात. पुस्तकात एवढंच. पण सुईतून आलेल्या दोऱ्याएवढ्या तुकड्यात केसिएशन दिसलं नाही, तर ते गाठीत नाहीच की आमच्या वाट्याला आलं नाही, हे कसं सांगणार?

छातीत दोन्ही बाजूंना सारख्याच गाठी असतील तर सार्कॉइडकडे कल जातो. मांटू टेस्टचं (कातडीत टोचून करायची टीबीची चाचणी) इथे उलटंच: टीबीचा जंतू कधीतरी शिरून गेलेले लोक इतके, की पॉझिटिव्ह आल्याने फारसं कळत नाही, साफ निगेटिव्ह आली तर मात्र सार्कॉइडचा संशय वाढतो. रक्तातलं एसीई हे एन्झाइम सार्कॉइडमध्ये वाढतं, पण टीबीतही वाढतं, त्यावर माझा भरवसा नाही.

घोळ परवडणारा नाही, कारण सार्कॉइडला लागतात ते स्टेरॉइड, आणि टीबीत औषधांशिवाय नुसते स्टेरॉइड दिले तर जंतूला रान मोकळं. म्हणून तुकडा काढतानाच एक भाग सलाइनमध्ये वेगळा ठेवायचा, सीबीनॅट (जंतूचा डीएनए शोधणारी चाचणी) आणि कल्चरसाठी (जंतू वाढवून पाहायला). सीबीनॅट दोनेक तासांत जंतू आहे का आणि रिफॅम्पिसिन हे टीबीचं मुख्य औषध चालेल का ते सांगतं. कल्चरला आठवडे लागतात. तुकडा फॉर्मलिनमध्ये (तो टिकवायच्या रसायनात) पडला की जंतू मेला, मग कल्चर कशाचं लावणार?

परवा मानेतली अख्खी गाठ आली, सगळी फॉर्मलिनमध्ये. ग्रॅन्युलोमा होते, केसिएशन नव्हतं, झेडएन स्टेनमध्ये (या रंगात टीबीचा जंतू लाल काडीसारखा दिसतो) लाल काडी एकही नाही. पेशंटला पुन्हा सुईसाठी बोलवावं लागलं.