@रिसोर्स लिहिलं म्हणजे डेटासोर्स मिळालाच, असं नाही

जावावाल्यांमध्ये एक समज वर्षानुवर्षं फिरतोय: फील्डवर (क्लासमधल्या व्हेरिएबलवर) @रिसोर्स लिहिलं की डेटासोर्स, म्हणजे डेटाबेसची कनेक्शन्स देणारा ऑब्जेक्ट, आपोआप हजर. मुलाखतीतही हेच उत्तर बिनदिक्कत ठोकून दिलं जातं.

@रिसोर्ससारखं ॲनोटेशन, म्हणजे कोडवर लावलेली खूण, स्वतः काहीच करत नाही. ती नुसती चिठ्ठी. वाचणारा असतो कंटेनर, म्हणजे आपला कोड चालवणारा सर्व्हरचा भाग. २००६ साली जावा ईई ५ मध्ये (जावाच्या सर्व्हरसाठीच्या आवृत्तीत) ही सोय आली, तेव्हापासून हेच चालत आलंय. सर्व्हलेट (वेब विनंत्या हाताळणारा क्लास) किंवा ईजेबी (कामकाजाचं लॉजिक सांभाळणारा क्लास) यांचा ऑब्जेक्ट सर्व्हर स्वतः बनवतो, रिफ्लेक्शनने (चालू प्रोग्रॅममध्येच क्लास तपासून) फील्ड शोधतो, जेएनडीआय या नावांच्या नोंदवहीतून डेटासोर्स काढतो आणि तिथे बसवतो; यालाच इंजेक्शन म्हणतात. तुम्हीच कुठेतरी ‘न्यू ऑर्डरडाओ()’ लिहून डेटाबेसशी बोलणारा ऑब्जेक्ट स्वतः बनवलात, तर कंटेनरला त्याचा पत्ताच नसतो. फील्ड नल, म्हणजे रिकामं, राहतं आणि पहिल्यांदा गेटकनेक्शनने कनेक्शन मागताच नलपॉइंटर एक्सेप्शन ही एरर. मग खापर फुटतं डेटाबेसवर, बिचाऱ्याचा काही संबंध नसताना!

कन्स्ट्रक्टरमध्येही तीच गत. फील्डमधलं इंजेक्शन कन्स्ट्रक्टर संपल्यावर होतं, म्हणून सुरुवातीची कामं @पोस्टकन्स्ट्रक्ट लावलेल्या मेथडमध्ये (ती इंजेक्शननंतर चालते) करायची.

आणि क्लासच्या डोक्यावर @रिसोर्स लिहिलं तर? तिथे इंजेक्शन होतच नाही. नाव आणि टाइप देऊन फक्त गरज नोंदवायची. लुकअप, म्हणजे जेएनडीआयमध्ये नावाने शोध, आपणच करायचा. फील्डवर नाव दिलं नाहीत, तर क्लासचं पूर्ण नाव, तिरकी रेघ आणि फील्डचं नाव मिळून जेएनडीआय नाव ठरतं. त्यामुळे उगाच फील्डचं नाव बदललंत, तर त्या जुन्या नावावर केलेलं कॉन्फिगरेशन गुपचूप निकामी होतं.